रिकाम्या कोपऱ्याला दिलेला पास

"किती वेळा आपटलीस?"

"दोनदा."

"आणि ऐकू किती वेळा आलं?"

वैजूने खाली पाहिलं. हॉकीची स्टिक तिच्या हातात होती, पातं बर्फाला टेकलेलं. तिने दोनदाच आपटली होती, यात शंका नव्हती. टक् टक्. आणि मग थोड्या उशिराने, कुणीतरी धावत मागून येऊन गाठावं तसा, आणखी एक. टक्.

"तुमचा दगड वाजला असेल," ती म्हणाली.

काठावर घोंगडी अंथरून बसलेल्या म्हाताऱ्या लामांनी हात वर करून दाखवला. जर्दाळूच्या बिया फोडायचा दगड त्यांच्या मुठीत होता. दुसऱ्या हाताच्या चिमटीत बी होती. अख्खी.

"अजून फोडलेली नाही," ते म्हणाले.

"मग तळं तडकलं असेल."

"असेल..."

त्यांनी बी फोडली. वैजू दचकली. इतकी, की तिचा पाय स्केटवरून सटकला आणि तिला गुडघा टेकावा लागला.

लामा हसले नाहीत. त्यांनी गर तोंडात टाकला आणि तळ्याकडे बघत चावत राहिले.

वैजयंती कारखानीस मूळची सांगलीची. वडील रस्ते बांधणाऱ्या खात्यात होते, त्यांची बदली लडाखला झाली आणि कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकलेली पोर या तळ्यावर घसरायला शिकली. जुन्या लष्करी बुटांना पाती ठोकून केलेले स्केट्स, विलोची वाकडी काठी, आणि गोलात उभे हे लामा. तेव्हाही ते म्हातारेच वाटायचे. गावातली पोरं त्यांना मेमे-ले म्हणायची, म्हणजे आजोबा, म्हणून वैजूही तेच म्हणायची. मेमे-ले गोलात नुसते उभे राहायचे. हॉकीची चकती त्यांच्या मरून झग्यात अडकायची, आणि पोरं ओरडायची, हा गोल धरा, झगा काही गोलकीपर नाही!

मग वैजू मोठी झाली आणि निघून गेली. आईसहॉकी खेळण्यासाठी पैसे देणारे देश जगात थोडे, आणि बायकांना देणारे त्याहून थोडे. ती त्या सगळ्यांचे दरवाजे ठोठावत फिरली. कझाकस्तान. हंगेरी. तुर्कस्तान. स्वीडनच्या उत्तरेचं एक गाव, जिथे डिसेंबरात सूर्य उगवायचं नावच घेत नाही. ऑस्ट्रिया. शेवटी स्लोव्हाकिया. कुठे एक मोसम, कुठे अर्धा. एखाद्या संघातल्या कुणाचा गुडघा गेला की वैजूला फोन यायचा. तो गुडघा बरा झाला की वैजूची बॅग भरली जायची.

आणि आता ती परत आली होती. न कळवता. स्केट्स गळ्यात अडकवून, स्टिक आणि हेल्मेट हातात घेऊन, चढ चढून, थेट तळ्यावर.

"जुले, मेमे-ले," तिने नमस्कार केला होता.

"जुले, नोमो." नोमो म्हणजे धाकटी पोर. तिने तिशी ओलांडली होती, पण इथे तिला दुसरं नाव नव्हतं. "बर्फ बघायला आलीस? जगभर बर्फ विकत मिळतं म्हणे तुला."

"तुम्हाला एक ऐकवायचंय," ती म्हणाली होती, आणि बर्फावर उतरून तिने स्टिक दोनदा आपटली होती.

"तर तुम्हालाही ऐकू आलं," आता ती काठाशी येत म्हणाली. तिच्या आवाजात जीव भांड्यात पडल्याची सुटका होती, आणि लगेच मागोमाग भीती. इतके दिवस ती देवाकडे मागत होती की हा आवाज दुसऱ्या कुणाला तरी ऐकू येऊ दे. दुसऱ्याला ऐकू आला म्हणजे तो खरा आहे, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"मला बरंच काही ऐकू येतं," मेमे-ले म्हणाले. "म्हातारपणी कान नको तिथे उघडतात. बस."

"बसायला वेळ नाही मला. कझाकस्तानातल्या अस्तानाच्या एका क्लबाला आज होकार कळवायचाय. सोमवारी निघायचं."

"मग उभी राहून सांग."

ती बसली.

"कुणीतरी पास मागतं, मेमे-ले."

"खेळात मागतातच."

"तसं नाही. मी चकती घेऊन जात असते. समोर दोघी अंगावर येतात. आणि उजवीकडून, मोकळ्या कोपऱ्यातून, आवाज येतो. टक् टक्. आमच्यात तोंडाने मागत नाहीत, स्टिक आपटून मागतात. वर बघायला वेळ नसतो, कानावर विश्वास ठेवून द्यायचा असतो. मी देते..."

"आणि?"

"तिथे कुणी नसतं."

मेमे-लेंनी पुढची बी उचलली.

"पहिल्यांदा झालं तेव्हा सगळ्या हसल्या. दुसऱ्यांदा त्या पासवरून आमच्यावर गोल झाला. तिसऱ्यांदा कोचने मला बाकावर बोलावून विचारलं, तू कुणाला बघतेस? मी म्हटलं, बघत नाही, ऐकते. दुसऱ्या दिवशी त्याने माझं तिकीट काढलं."

"कुणाला दिलास पास?"

"सांगतेय ना! कुणालाच नाही."

"मग चकती थांबली कुठे?"

"कोपऱ्यात. कठड्याला लागून."

"कठड्याला लागली तर आवाज होतो."

वैजूने स्टिक मांडीवर आडवी घेतली.

आवाज झाला नव्हता. एकदाही. चकती कोपऱ्यात जायची आणि थांबलेली असायची, कुणी हलक्या हाताने अडवून धरल्यासारखी. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं. स्वतःलासुद्धा नाही.

"कानाच्या डॉक्टरला दाखवलं," ती घाईघाईने म्हणाली. "दोघांना. कान ठणठणीत आहेत."

"असणारच. तू लहानपणीही माझ्या पोटात गडगडलेलं ऐकायचीस."

"मेमे-ले, चेष्टा नको. मी इथे गंडादोरा बांधून घ्यायला आलेले नाही. मी सहा देशांत खेळलेली बाई आहे. बोट मोडलेलं असताना खेळलेय, तापात खेळलेय. एक सामना चुकवलेला नाही. मला फक्त हा आवाज बंद करून हवाय. लहानपणी तुम्ही घंटा वाजवलीत की तळ्यावरचे कावळे उडायचे. तसलं काहीतरी करा."

"कान बुजवून पाहिलेस?"

"पाहिले."

"मग?"

"जास्त जवळून येतो."

वारा पडला होता. डोंगराच्या खांद्यावर एक ढग येऊन बसला होता, पांढरा, जड, उतरू की नको अशा बेताने. दुपारच होती, पण उजेड दुधाळ झाला होता.

"सहा देश," मेमे-ले म्हणाले. "एकेक सांग. कझाकस्तान सोडलंस, तेव्हा सोडायला कोण आलं होतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला. "कुणी कशाला येईल? टॅक्सीने गेले."

"हंगेरी?"

"पहाटेची बस होती."

"तुर्कांचा देश?"

"तिथे मला फोनवर कळलं. सामान संघातल्याच एकीने पाठवून दिलं."

"नाव काय तिचं?"

वैजूने आठवून पाहिलं. "सतरा नंबर."

मेमे-लेंनी मान वळवून तिच्याकडे नीट पाहिलं. ती बोलायला लागल्यापासून पहिल्यांदाच.

"आम्ही नंबरानेच ओळखतो," वैजू म्हणाली. "म्हणजे... मी. बाकीच्या एकमेकींना नावाने हाका मारतात. पण मोसम संपला की मला मार्चमध्ये निघायचंच असतं. नावं लक्षात ठेवून करायचं काय? नवीन ठिकाणी गेलं की कपडे बदलायच्या खोलीत आपल्या जागेवर पांढरी चिकटपट्टी लावतात, मार्करने नाव लिहून. निघताना मीच ती सोलून काढते. दुसऱ्या कुणी सोललेली बघवत नाही. कझाकस्तानात तर नाव चुकीचं लिहिलं होतं. सांगितलंच नाही मी. म्हटलं, चाललोच आहोत."

तिने हे हसत सांगितलं. आजवर कितीतरी जणांना तिने हे हसत सांगितलं होतं, आणि प्रत्येक वेळी समोरचा हसला होता.

मेमे-ले हसले नाहीत.

"स्वीडन?"

"पुरे ना, मेमे-ले."

"बरं. पुरे."

त्यांनी तिचं हेल्मेट ओढून मांडीवर घेतलं. आतबाहेर न्याहाळलं, मांजराचं पिल्लू न्याहाळावं तसं.

"बुटांना किती ठिगळं आहेत तुझ्या. हातमोज्यांची बोटं शिवलेली आहेत. काठीला दहा ठिकाणी पट्ट्या. सगळं जुनं." त्यांनी हेल्मेटवर बोटाच्या पेराने हळूच वाजवलं. "हे तेवढं कोरं."

वैजूने हात पुढे केला. त्यांनी हेल्मेट दिलं नाही.

"जुनं कुठे गेलं?"

"...फुटलं."

"डोकं आत होतं तेव्हा?"

तिने बुटाची नाडी सोडून पुन्हा आवळली.

"स्लोव्हाकियात," शेवटी ती म्हणाली. "मागून एकीने ढकललं. मुद्दाम नाही. मी कठड्यावर गेले, डोकं आधी. फार काही नाही झालं. मी माझी मी उठले."

"डॉक्टर काय म्हणाला?"

"डॉक्टर काय, घाबरटच असतात. म्हणाला खेळ बंद. पुन्हा तिथेच मार बसला तर पुढचं सांगता येणार नाही म्हणाला. मी अस्तानाच्या क्लबाला काही सांगितलेलं नाही. त्यांनी विचारलेलंही नाही." तिने श्वास घेतला. "मी तिशीनंतर दुसरं काय शिकू, मेमे-ले? मला बर्फाखेरीज कुठे नीट चालतासुद्धा येत नाही."

ढग खांद्यावरून खाली आला होता. तळ्याच्या पलीकडच्या काठावरचे दगड दिसेनासे झाले.

"एक सांग," मेमे-ले म्हणाले. "मला तुमच्या खेळातलं फार कळत नाही. मी आपला उभा राहायचो. तुमच्यात काठी आपटतात, ती पास मागायलाच फक्त?"

"नाही, बरेचदा आपटतात. एखादी शिक्षा भोगायला बाहेर बसलेली असते ना, तिची वेळ संपत आली की गोलकीपर आपटते. सावध व्हा म्हणून."

"आणखी?"

"आणखी... कुणाला लागलं आणि ती खेळ सोडून बाहेर जायला निघाली, की सगळे आपटतात. आपल्यातले, पलीकडचे, सगळेच. हातात एवढाले मोजे, टाळी वाजत नाही. म्हणून स्टिक..."

तिने हातातल्या स्टिककडे पाहिलं.

मेमे-लेंनी बी फोडली नाही. दगड खाली ठेवला.

"तू उठलीस त्या दिवशी," ते म्हणाले, "तेव्हा त्यांनी आपटल्या?"

"मला काही ऐकू येत नव्हतं. कानात नुसतं पाणी भरल्यासारखं... पण दिसलं. स्टिका खालीवर होताना दिसल्या. आवाज नव्हता."

"आणि तू बाहेर गेलीस."

"नाही," वैजू म्हणाली. "थोडा वेळ बाकावर बसले आणि परत उतरले."

मेमे-लेंनी मांडीवरचं हेल्मेट उलटं केलं.

"मी एक सामना चुकवलेला नाही, सांगितलं ना तुम्हाला."

"हे टकटक सुरू कधी झालं?"

तिला उत्तर माहीत होतं. पुढच्याच सामन्यात. स्लोव्हाकियाच्या त्याच रिंकवर. ती उठून उभी राहिली, आणि भीती वाटली की तिचं जे नेहमी व्हायचं तेच झालं. तिला राग आला.

"म्हणजे काय? मी खेळाचा निरोप घेईपर्यंत त्या वाजवत बसणार आहेत? सगळ्या? मेलेली माणसंसुद्धा इतका चिवटपणा करत नाहीत!"

"मेलेली कोण म्हणालं?"

"मग कोण आहेत तिथे?"

"मला काय ठाऊक. नंबर तुला माहीत."

तिने त्यांच्या मांडीवरून हेल्मेट हिसकावून घेतलं. डोक्यावर चढवलं. हनुवटीखालचं बक्कल बसेना.

"आत्ता दाखवते. इथे ना कठडा, ना कोपरा. एक पास देते. तुमच्या डोळ्यांदेखत चकती तळ्याभर घसरत जाईल आणि थांबेल. मग मी खाली गावात जाऊन त्या क्लबाला फोन करेन."

"पलीकडच्या अंगाला जाऊ नकोस. झरा आहे खाली, बर्फ पातळ असतं."

"माहीत आहे मला. इथेच लहानाची मोठी झालेय."

"खांब रोवलाय तिथवर जा. त्याच्या पुढे नको."

ती गेलीसुद्धा.

पहिली काही पावलं मागे काठ दिसत होता, मरून ठिपका दिसत होता. मग ढग तळ्यावर टेकला. आवाज न करता, माणूस दुसऱ्याच्या खोलीत शिरावा तसा.

वैजू थांबली. पुढे स्वतःच्या स्टिकचं टोक, त्यापलीकडे पांढरं. तिने खिशातली चकती खाली टाकली.

उजवीकडून आवाज आला.

टक् टक्.

"घे," ती म्हणाली, आणि पास दिला.

तो पास चांगला होता. आयुष्यभर तिने हजारो दिले, हा त्यातला चांगला होता. चकती बर्फावर सरळ, न उसळता, पांढऱ्यात शिरली. तिच्या घसरण्याचा बारीक आवाज आला. मग आला नाही.

वैजूने कान दिला. चकती कशावर आदळली नाही. थांबल्याचाही आवाज नाही.

बघितलंत, मेमे-ले, असं ती म्हणणार होती. तेवढ्यात पांढऱ्यातून चकती परत आली.

संथ. सपाट. थेट तिच्या पात्यावर.

वैजूने ती अडवली. हातांनी अडवली, ती नुसती बघत होती. रिकाम्या कोपऱ्याने आज पहिल्यांदा परत पास दिला होता.

किंचाळायला हवं होतं. काठाकडे पळायला हवं होतं. सांगलीची तिची आई इथे असती तर तिने एव्हाना राम राम म्हणत पोरीला ओढून नेलं असतं. पण वैजूने काय केलं, तर तिने पुन्हा पास दिला.

पुन्हा परत आला. या वेळी जरा पुढे, तिला दोन पावलं घसरावं लागेल असा. मुद्दाम. चांगली खेळाडू आपल्याला पळतं ठेवते तसा.

ती पुढे झाली. घेतला. दिला.

आणि तिला ओळखू आलं. हा मनगटाचा झटका... तुर्कस्तानातली सतरा नंबर असाच द्यायची, शेवटी किंचित वळवून. पुढचा पास आला तो कडक, चकती पात्यावर टणकन बसली. स्वीडनची चार. चकतीशी भांडण असल्यासारखी खेळायची. मग एक लाडिक, उशीर केलेला. हंगेरीची. ती पास देण्याआधी जीभ बाहेर काढायची, हे वैजूला आठवलं. कशी आठवली जीभ? नाव काही आठवेना.

किती दिवसांनी तिला खेळायला मजा येत होती. ती हसत होती. गाल गोठले होते आणि ती हसत होती, पुढे जात होती, आणि प्रत्येक पास तिला आणखी थोडं पुढे बोलावत होता.

एका पासला ती वाकली, तेव्हा डाव्या हाताला काहीतरी उभं दिसलं. लाकडी खांब. तो तिच्या मागे पडत होता.

बर्फाखाली काहीतरी कण्हलं.

वैजू जागच्या जागी गोठली. पात्याखाली ओलं होतं. बर्फावर बोटभर पाणी चढलं होतं, आणि त्या पाण्यातून एक काळी रेघ, केसासारखी, तिच्या दोन पायांच्या मधून हळूहळू लांब होत चालली होती.

मग स्टिका वाजू लागल्या.

एक नाही. उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे. टक् टक् टक् टक्, सगळ्या एका लयीत, गोल करून उभ्या असल्यासारख्या. मोज्यांतल्या हातांनी वाजवाव्यात तशा. कुणी ओरडत नव्हतं. कुणी पास मागत नव्हतं. त्यांना तिच्याकडून काही नकोच होतं, हे आता इतकं उघड होतं की तिला लाज वाटली.

"मी जाते," ती पुटपुटली. "जाते मी. काठ कुठे आहे तेवढं सांगा."

टक् टक् टक्.

खांब दिसत नव्हता. जिकडे वळावं तिकडे पांढरं. एक पाऊल चुकीच्या बाजूला पडलं की संपलं.

"सतरा!" तिने हाक मारली.

टक् टक्.

"चार! ए चार!" मग रशियनमध्ये ओरडली, इकडे, इकडे! मग हंगेरियनमध्ये. जर्मनमध्ये. जिथे जिथे जे जे ओरडायला शिकली होती ते सगळं ओरडून झालं. प्रत्येक भाषेत तिला फक्त एवढंच येत होतं, इकडे दे. मी कुठे आहे, हे विचारायला ती कुठल्याच भाषेत शिकली नव्हती.

कुणी ओ दिली नाही.

रेघ तिच्या मागे फुटली, तिचे दोन फाटे झाले.

पांढऱ्यात आवाज दूर जायचा नाही. तोंडाभोवती दोन्ही हात धरायला हवे होते. आणि दोन्ही हात धरायचे तर...

खेळ चालू असताना तिने स्टिक कधी टाकली नव्हती. पडली तरी, मार बसला तरी. स्लोव्हाकियात त्या दिवशी शुद्ध हरपली तेव्हाही मूठ उघडली नव्हती म्हणे, बोटं सोडवावी लागली होती.

तिने मूठ उघडली.

स्टिक पाण्यात पडली. लहानसा, मऊ आवाज झाला.

तत्क्षणी सगळं थांबलं. सगळ्या स्टिका एकदम. इतकी शांतता तिने कुठल्याच देशात ऐकली नव्हती. तिला स्वतःचं डोकं ऐकू येत होतं, आतून, रक्त फिरत असलेलं.

तिने हातमोजे काढले. तळवे तोंडाभोवती धरले.

"मेमे-ले!"

काही नाही.

"मेमे-ले... मी खेळ सोडला! मेमे-ले, मला काठ दिसत नाहीये! मी वैजयंती!"

पांढरं हललं नाही. पाण्याने पात्यांवर चढून बुटाचं चामडं गाठलं. ती रडायला लागली, लहान पोर रडते तशी, नाक वर ओढत. आणि तिसऱ्यांदा तिने हाक मारली ती ओरडून नव्हतीच. घरात दुसऱ्या खोलीत कुणी आहे का बघायला मारावी, तेवढीच.

"मेमे-ले?"

"ओ..."

आवाज त्यांचाच होता. जवळ होता. काठावर, घोंगडीवर बसून दिलेला नव्हता. समोरून आला, जिकडून पास येत होते तिकडून, तळ्याच्या मधोमधून, आणि जरा धाप लागल्यासारखा होता.

"मेमे-ले, तुम्ही तिकडे काय करताय?"

"इकडे नको येऊस, नोमो. पाठ फिरव, काठ तुझ्या मागे आहे. आमचा खेळ चालू आहे अजून."